त्रिनिदादच्या मुकादमाला पत्र

“आन माझंच कशाला घातलंस त्यात? तुझ्या आईचं घालायचं हुतं की,” रंगुबाई म्हणाली.

सकाळपासून हे ती चौथ्यांदा म्हणत होती आणि दर वेळी आवाज थोडा खाली आणत होती. रंगुबाईचा आवाज खाली जाऊ लागला की राग वर चढतोय, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर तिचा मुलगा भूषण अंघोळीला गेला होता तो अजून बाहेर आला नव्हता.

“माझ्या आईनं ऊस नाही तोडला, आई. ती शाळेत शिकवत होती,” ज्योत्स्ना म्हणाली.

“मग शाळंचं लिव्हायचं. त्यांच्या मुलखात शाळा न्हाईत व्हय?”

“त्यांनी उसाचं विचारलं होतं.”

“मग लिव्हायचं, आमच्याकडं ऊस लई हुतो म्हून. झालं. सासूचा कोयता काढून दाखवायला कुणी सांगितलं हुतं?”

ज्योत्स्ना ढवळत राहिली. बोलायला उसंतही नव्हती. परसात तीन दगडांच्या चुलीवर कुरडयांचा चीक शिजत होता. तीन दिवस भिजवलेला गहू, त्याचं वाटणं, गाळणं, एवढं सगळं करून आता हा शेवटचा अर्धा तास. हात थांबला की गाठी झाल्याच. एकीनं पातेलं फडक्यानं घट्ट धरायचं आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. पातेलं रंगुबाईनं धरलं होतं, सून ढवळत होती. रागावून उठून जावं म्हटलं तरी दोघींपैकी कुणालाच जाता येत नव्हतं. पायलीभर गव्हाचा चीक फुकट जावा एवढं मोठं भांडण या घरात अजून झालं नव्हतं.

“मीठ घातलंस का?” रंगुबाईनं विचारलं.

“घातलं.”

“न्हाय, इंग्रजी लिव्हता लिव्हता इसरली असशील, म्हून इचारलं.”

ज्योत्स्ना बारामतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होती. डिसेंबरात ती विद्यापीठाच्या कामासाठी पुण्याला गेली, तेव्हा तिथल्या फळ्यावर तिनं एक सूचना वाचली. त्रिनिदाद नावाच्या बेटावर एक विद्यापीठ दर वर्षी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरवायचं. विषय, कॅरिबियन बेटांचा इतिहास आणि संस्कृती. एरवी तिथं अमेरिकेतली मुलंमुली जायची. पण या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव सालच्या वर्गाला, ऊस पिकवणाऱ्या देशांतले चार शिक्षक हवे होते. त्यांचं जाणं-येणं आणि राहणं विद्यापीठ करणार होतं. अर्जासोबत निबंध मागितला होता: तुमच्या माणसांचा उसाशी काय संबंध आला? ज्योत्स्नानं भूषणला विचारलं, तेव्हा तो “पाठव की,” म्हणाला. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या माणसाला म्हणावं तसं.

आणि तिकीट लागलं. गुरुवारी पत्र आलं. संध्याकाळी भूषणनं ते मोठ्या हौसेनं उभ्या उभ्या मराठी करत सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘तुमच्या सासूबाईंनी चौदा हंगाम ऊस तोडला, त्याविषयी तुम्ही लिहिलेलं आमच्या इथं सगळ्यांनी वाचलं,’ हे वाक्य आलं, नेमकी त्याच वेळी शेजारची योगिनी दारात उभी होती. ही योगिनी म्हणजे बँकेतल्या साहेबांची बायको. शेवेचा सोऱ्या मागायला आली होती. सोऱ्या घेऊन ती गेली, पण जाताना तिनं रंगुबाईकडं एकदा वळून पाहिलं. त्या पाहण्यानं रंगुबाईची तीन दिवसांची झोप खाल्ली.

रंगुबाई या कॉलनीत आली त्याला सात वर्षं झाली होती. नात झाली, मेघना, तिला सांभाळायला म्हणून ती आणि नवरा श्रीपतीआबा निरवांगीहून आले ते राहिलेच. कॉलनीत कुणी विचारलं की ती सांगायची, “आमचं निरवांगीला श्यात हाय. थोरला बघतो.” त्यात खोटं काही नव्हतं. दोन एकर होतं, पाटाचं पाणी होतं, थोरला बुद्धघोष ते कसत होता. त्याच्या आधीचं कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. कडक इस्त्रीचं पातळ, पायात चपला, हातात पिशवी, अशी ती गुरुवारच्या बाजाराला निघाली की भाजीवाले ‘या मावशी’ म्हणायचे. तिला ते आवडायचं. बाराव्या वर्षापासून तिला लोक ‘ए’ म्हणत आले होते.

चीक शिजला. पांढरा होता तो काचेसारखा झाला. मेघना वाटी घेऊन आली. तिला गरम चीक दूध-साखर घालून लागायचा. रंगुबाईनं तिला वाटीभर दिला आणि बाकीचं पातेलं दोघींनी मिळून गच्चीवर नेलं. तिथं योगिनी आधीच खाट टाकून, तिच्यावर धुतलेलं पातळ अंथरून बसली होती. मागून नेलेला सोऱ्या तिनं परत आणला होता, शिवाय स्वतःचा हातही.

दहा-बारा कुरडया निमूट घालून झाल्या. मग योगिनी म्हणाली, “काकू, तुम्ही ऊस तोडायला जायचा, कधी बोलला नाहीत.”

“त्यात काय बोलायचं? तोडला, संपला.”

“आमचे आजेसासरे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आठ-आठ महिने. सासूबाई अजून कुणाला सांगू देत नाहीत. म्हणतात, साहेबांच्या दिवाणखान्यात मेंढरं शिरतील.”

रंगुबाईला हसायचं नव्हतं. पण तिच्या हातातली कुरडई वाकडी पडली. “शिरू द्या की,” ती म्हणाली. “लेंड्या तुमच्या सासूलाच गोळा कराव्या लागतील.”

तिघी हसल्या. ज्योत्स्नाला वाटलं, मिटलं. पण खाली आल्यावर रंगुबाई पुन्हा गप्प झाली, आणि दुपारी जेवताना तिनं सुनेकडं मीठसुद्धा मागितलं नाही. स्वतः उठून घेतलं.

राग ऊसतोडीचा नव्हताच. ऊसतोडीच्या मागं एक गोष्ट होती. ती या घरात तिघांनाच माहीत होती, आणि भूषण त्या तिघांत नव्हता.

ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको पाचट सोलते, मोळ्या बांधते, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरते. एकट्या गड्याला मुकादम घ्यायचा नाही, एकट्या बाईला तर नाहीच. पावसाळ्यात मुकादम उचल द्यायचा, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम. ती घेतली की दसऱ्यानंतर बैलगाडी जुंपून कारखान्याकडं निघायचं ते चैत्रात परत यायचं. रंगुबाई आणि श्रीपती चौदा वर्षं एक कोयता होते. कोऱ्हाळ्याच्या बाजूचे उसाचे सगळे फड तिला पायाखाली माहीत होते.

एका हंगामात त्यांच्या तळावरच्या दोन कोप्या जळाल्या. कोपी म्हणजे पाचटाची आणि चटईची झोपडी. चुलीतली ठिणगी पुरे होते. माणसं वाचली, एका बाईचं तान्हं भाजलं. त्या वेळी भूषण दीड वर्षाचा होता. पुढच्या दसऱ्याला तो अडीच वर्षांचा झाला. झोळीत घालायला मोठा आणि एकटा सोडायला लहान. उचल तर श्रावणातच घेऊन झाली होती. रंगुबाईनं घरी राहायचं म्हटलं तर अर्धा कोयता कुणी घेत नव्हतं. तिनं भूषणला निरवांगीला सासूजवळ ठेवलं आणि आठ वर्षांच्या थोरल्या घोषाला घेऊन ती नवऱ्याबरोबर गेली.

सहा महिन्यांनी आली, तेव्हा अंगणात भूषण गोट्यांशी खेळत होता. तिनं हाक मारली. तो उठला, पळत जाऊन आजीच्या लुगड्यामागं लपला आणि आजीला म्हणाला, “ही बाई कोण हाय?”

आठ दिवस तो तिच्याकडं गेला नाही. झोपायचा आजीजवळ, जेवायचा आजीच्या हातानं. नवव्या दिवशी आपण होऊन आला आणि तिच्या बांगड्यांशी खेळत बसला. रंगुबाई हलली नाही, त्याला हातही लावला नाही. लावला तर पळून जाईल म्हणून. पुढच्या वर्षी तिनं त्याला बरोबर नेलं, आणि कोपीच्या बाहेर चूल दहा पावलं लांब मांडली. सगळा तळ तिला हसला. सासूला तिनं शपथ घातली की हे पोराला कधी सांगायचं नाही.

भूषण मोठा झाला, बारामतीला वसतिगृहात शिकला, पाटबंधारे खात्यात लागला. तो अभिमानानं म्हणायचा, “आमच्या आईनं मला कोपीत वाढवलं, पण एक दिवस लांब ठेवलं नाही.” रंगुबाई ते ऐकून दर वेळी काहीतरी निवडायला घ्यायची. तांदूळ, हरभरे, काहीही.

ज्योत्स्नाला मात्र तिनं सांगितलं होतं. मेघना पंधरा दिवसांची असताना, तिला पायावर घेऊन तेल लावताना, का कोण जाणे, सगळं बोलून गेली होती. आता तिला भीती ही होती की एक गोष्ट कागदावर गेली तशी दुसरीही गेली असेल. आणि तो कागद कधीही भूषणच्या हातात पडू शकत होता.

तीन दिवसांनी ज्योत्स्ना एकटी कपडे घड्या घालत होती. रंगुबाई तिच्यासमोर बसली. “ते बी लिव्हलंस काय?”

कुठलं ते ज्योत्स्नाला विचारावं लागलं नाही. “नाही, आई. ते तुमचं आहे.”

रंगुबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग एक टॉवेल ओढून घडी घातली. ज्योत्स्नाच्या घड्या तिला कधीच पटायच्या नाहीत. चार पदरी घालायची, कपाटात मावायच्या नाहीत.

“जायाचं हाय तुला?”

“जायचंय.”

“कशाला? खरं सांग. पगार वाढतो काय?”

“नाही वाढत.” ज्योत्स्नानं हातातली घडी बाजूला ठेवली. “मी दहा वर्षं इतिहास शिकवते. पोरांना सांगते, अमक्या राजानं अमक्याला हरवलं. त्या बेटांवर लोक ऊस तोडणाऱ्यांचा इतिहास शिकतात, आई. त्याची पुस्तकं आहेत, परीक्षा आहेत. मला ते बघायचंय. बघून इथं शिकवायचंय.”

“ऊस तोडणाऱ्याची परीक्षा,” रंगुबाई म्हणाली. “रोजच असती की.” पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती दुसऱ्याच विचारात होती. “तिकिटाचं पैसं ते आधी देनार?”

“तिकीटच पाठवणार.”

“ऱ्हायाला?”

“खोली देणार. आणखी एका बाईबरोबर.”

“सही?”

“फॉर्मवर करायचीय.”

“आन मधनं परत यायाचं म्हटलं तर?”

ज्योत्स्नानं फॉर्म काढून पाहिला. सहभागी व्यक्तीनं पूर्ण सहा आठवडे राहणं अपेक्षित आहे. अन्यथा प्रवासाचा खर्च परत करावा लागू शकेल, असं खाली बारीक अक्षरात होतं. तिनं ते मराठीत सांगितलं.

रंगुबाईनं टॉवेल खाली ठेवला. “ही उचल हाय.”

“नाही हो, आई. ही शिष्यवृत्ती आहे.”

“आधी पैसं देत्यात. ऱ्हायाला कोपी देत्यात. सही घेत्यात. मधनं सुटू देत न्हाईत. आन गाव उसाचं. मला नको शिकवू, मी चौदा घेतल्यात.”

ज्योत्स्ना हसली, मोठ्यानं हसली, आणि हसता हसता थांबली. मग तिनं सासूला सांगितलं की दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशातली माणसं तिकडं अशीच नेली होती. गावोगाव दलाल फिरले, कागदावर अंगठे घेतले, पाच वर्षांचा करार, जहाजात घालून बेटावर, आणि उतरले की हातात कोयता. पुष्कळजण परत आलेच नाहीत. त्यांची नातवंडं-पतवंडं आता तिथलीच आहेत.

रंगुबाईनं सगळं ऐकून घेतलं. “आन हे ठावं असून तू सही कराया निगालीस. शिकलीस कशाला मग?”

संध्याकाळी श्रीपतीआबा ट्रान्झिस्टर कानाला लावून ओट्यावर बसले होते. तिकडंच भारताचा क्रिकेटचा दौरा चालू होता आणि गेल्या दोन महिन्यांत त्यांना त्या बेटांची नावं पाठ झाली होती. ते म्हणाले, “त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनला जायाचं म्हणती का? चांगलं गाव हाय. पाऊस लई येतो मधनंच. छत्री दे तिला.”

“तुमी गप बसा. तुमी कधी मुकादमाला एक प्रश्न इचारला न्हाय जल्मात.”

हे खरं होतं. उचल घेताना अंगठा श्रीपतीचा असायचा, पण आधी प्रश्न विचारायची रंगुबाई. मुकादमाचं नाव मानसिंग. तळावर पाणी किती लांब? रात्री गाडी भरायची पाळी आठवड्यातनं किती येळा? बाईमाणूस बाजंवर पडलं तर दवाखान्यात कोण नेणार? मानसिंग म्हणायचा, आधी हिला पान द्या कुणीतरी, तोंड भरलेलं राहील. पण तो उत्तरं द्यायचा, कारण बाकीच्या बायका मागं उभ्या राहून ऐकत असायच्या. एकाच वर्षी तिचा एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. त्या हंगामात तळावरच्या गोजरबाईची आई वारली. निरोप आला होता. मुकादमानं दाबून ठेवला, फड अर्धा राहील म्हणून. गोजरबाईला दहाव्यानंतर कळलं. तेव्हापासून रंगुबाईचा पहिला प्रश्न निरोपाचाच असायचा.

“मुकादमाला पत्र लिव्ह,” तिनं ज्योत्स्नाला सांगितलं.

“तिथं मुकादम नाही, आई.”

“वर्गाचं बगनारं कुणीतरी असंल ना? तोच मुकादम. लिव्ह. मी सांगते तसं.”

ज्योत्स्नानं वही घेतली. तिला वाटलं होतं, म्हातारीचं मन राखायला लिहू आणि बाजूला ठेवू. पण प्रश्न ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की यातल्या एकाचंही उत्तर तिला येत नाही. घरनं निरोप आला तर तो बाईच्या हातात कोण देणार आणि किती वेळात? खोलीतली दुसरी बाई कुठली, तिला रात्री दिवा लागतो का? ताप आला तर दवाखान्यात संगं कोण जाणार, का एकटीलाच पाठवणार? पिण्याचं पाणी कुठलं? तळावर भांडण झालं तर निवाडा कोण करतं, आणि त्यात एखादी बाई बसते का? आणि शेवटचा: माणसाला नाहीच करमलं, पोराची आठवण आली, तर त्या दिवशी निघता येतं का, का अडकवून ठेवता?

भूषणनं ते पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. “असलं पाठवू नकोस. निवड रद्द करतील. म्हणतील कुठल्या खेड्यातली आहे.”

“खेड्यातलीच आहे,” ज्योत्स्ना म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून तिनं ते इंग्रजी करून फॅक्सनं पाठवलं.

खरं तर निवड रद्द झाली असती तर भूषणला वाईट वाटलं नसतं. गुरुवारची हौस सोमवारपर्यंत उतरली होती. चौदा एप्रिलला त्यानं विहारात स्त्रियांच्या शिक्षणावर वीस मिनिटं भाषण केलं, टाळ्या घेतल्या, आणि घरी आल्यावर बायकोला म्हणाला, “जूनमध्ये मेघनाची शाळा सुरू होते, ते लक्षात आहे ना?” ज्योत्स्ना म्हणाली, “भाषणात होतं का हे? मला मागं ऐकू नाही आलं.” दोन दिवस दोघं एकमेकांशी मेघनामार्फत बोलत होते. रंगुबाई बघत होती, पण मध्ये पडली नाही. तिचंच अजून ठरत नव्हतं.

उत्तर यायला दोन आठवडे लागले. दोन पानं होती. ज्योत्स्ना कॉलेजातून रिक्षा करून घरी आली. एरवी ती दहा रुपयांसाठी चालत यायची. पत्र लिहिणारी बाईच होती, मिसेस रामदीन. तिनं एकही प्रश्न सोडला नव्हता. निरोप आला तर ती स्वतः आणून देईल, रात्री दोन वाजता आला तर दोन वाजता, आणि हा तिच्या घरचा फोन नंबर. दुसरी बाई फिजी बेटावरची शिक्षिका आहे. दिव्याचं विचारून कळवते. दवाखान्यात ती संगं येईल. पाणी नळाचं, उकळून. तक्रारी ऐकायला तिघंजण आहेत, त्यांत दोन बायका. आणि फॉर्मवरचं ते बारीक अक्षरातलं वाक्य तिनं वरिष्ठांना दाखवून ज्योत्स्नापुरतं खोडून घेतलं होतं. कुणाला निघावंसं वाटलं तर त्या दिवशी निघता येईल.

“हे परत वाच,” रंगुबाई म्हणाली.

ज्योत्स्नानं परत वाचलं.

पत्राच्या शेवटी चार ओळी होत्या. त्या ज्योत्स्नानं सावकाश वाचल्या. मिसेस रामदीननं लिहिलं होतं: माझी पणजी हिंदुस्थानातून इथं ऊस तोडायला आली होती. कुठल्या गावची ते आमच्या घरात कुणाला माहीत नाही. जहाजात बसण्याआधी तिच्या बाजूनं हे प्रश्न विचारायला कुणी असतं, तर बरं झालं असतं. तुमच्या सासूबाईंना नमस्कार.

रंगुबाईनं पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, “बाई सरळ दिसती.” तिच्या तोंडून मुकादमाबद्दल एवढं चांगलं आजवर निघालं नव्हतं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, “पणजीचं नाव तरी ठावं हाय का तिला? इचार म्हणावं.”

त्या शनिवारी सगळे जेवायला बसले होते. आमटी, भाकरी, तळलेल्या कुरडया. फॉर्म सोमवारी पाठवायचा होता. भूषणनं दोन घास खाल्ले आणि मनातलं बोलायला सुरुवात केली. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. हिशेबानं बोलायचा, म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड जायचं.

“मी जाऊ नको म्हणत नाही. पुढच्या वर्षी जा. मेघना सात वर्षांची आहे. सहा आठवडे आई नसली तर पोर हिरमुसतं. मोठं झालं तरी ते मनात राहतं.”

“पुढच्या वर्षी निवड होईलच असं नाही,” ज्योत्स्ना म्हणाली.

“नाही झाली तर नाही. आईचंच घे. आईला काय कमी कष्ट होते? पण मला सोडून गेली का कधी? कोपीत ठेवलं, पाचटात ठेवलं, पण जवळ ठेवलं. आईनं पोराला सोडून जायचं नसतं.”

श्रीपतीआबांनी ट्रान्झिस्टर बंद केला. तो जेवताना चालूच असायचा, त्यामुळे बंद झाल्याचं सगळ्यांना कळलं. ज्योत्स्ना ताटात बघत होती. तिनं एक शब्द काढला असता तर वाद तिथंच जिंकली असती. तिनं काढला नाही. रंगुबाईनं ते पाहिलं.

“भूषण,” ती म्हणाली, “मी गेले हुते.”

“कुठं?”

“तुला सोडून. तू अडीच वर्साचा हुतास. कोप्या जळाल्या त्याच्या म्होरल्या वर्सी. दसऱ्याला गेले ती चैत्रात आले. सा महिनं.”

भूषणचा घास हातात राहिला. “आजी तर म्हणायची—”

“आजीला मीच शपथ घातली हुती. तू मला वळखलं न्हाईस. ही बाई कोण, म्हणालास.”

“आट दिस तिच्याकडं गेला न्हाईस,” श्रीपतीआबा हळूच म्हणाले. “माज्याकडं बी न्हाय. मी डबी वाजवून दावायचो, तरी न्हाय.”

“मला कोपी आठवते,” भूषण म्हणाला. “चूल लांब होती, ते आठवतं.”

“ती त्याच्या नंतरची.”

मेघना एका कुरडईचे तुकडे करून ताटाच्या कडेनं रचत होती. भूषण आईकडं बघत होता. रागानं नाही, ओळखीची खोली उजेडात वेगळी दिसावी तसं. मग त्याचा स्वभाव वर आला. “मग तर तुला कळायला पाहिजे, आई. पोराचं काय होतं ते तू बघितलंयस.”

“कळतं म्हून तर सांगते. तवा कुणी मला म्हणालं न्हाय, आईनं पोराला सोडून जायाचं नसतं म्हून. तुझी आजी न्हाय, मुकादम न्हाय, गाव न्हाय. पोटासाठी निगाले हुते, तर सगळी गप हुती. ही शिकाया निगाली, तर तुला पोर दिसाया लागलं.”

“तसं नाही...”

“तसंच हाय. आन दुसरं. मी गेले, तवा तुझा बा बी गेला. कोयता दोघांचा, एकाला मागं ऱ्हाता येत नव्हतं. तू ऱ्हानार कुणाजवळ? मेघनाचा बा कुठं चाललाय? साडेपाचला घरात असतो.”

भूषण जरा हसला. भांडण हरत आला की तो असा हसायचा, लहानपणापासून. “बरं. जाऊ दे तिला. तू आहेस म्हणून. तू असलीस की मेघनाला काही कळणारसुद्धा नाही.”

“हो आई,” ज्योत्स्ना घाईनं म्हणाली. “तुम्ही घरात असलात की मला काळजी नाही.”

रंगुबाईनं नातीकडं पाहिलं. मेघना तिच्या मांडीला टेकूनच बसली होती. रात्री ही आपल्याच कुशीत येणार. वेणी आपणच घालणार, डबा आपणच भरणार, शाळेत आपणच सोडणार, आणि हा बाबा साडेपाचला येऊन पेपर वाचणार. त्यानं आपल्या हातानं पोरीला पाण्याचा पेलासुद्धा द्यायची वेळ येणार नाही. जुलैअखेर ज्योत्स्ना दारात उभी राहील आणि पोरगी आजीच्या पातळामागं जाईल. सासूनं काही वाईट केलं नव्हतं त्या वर्षी. फक्त जीव लावला होता.

तिनं ताटात हात धुतला.

“मी न्हाय हितं ऱ्हानार,” रंगुबाई म्हणाली. “ज्योत्स्ना पंधरा जूनला जानार. मी आन हे चौदालाच निरवांगीला जातोय, घोषाकडं. मेघना हितं बापाजवळ ऱ्हाईल. वेणी त्यानं घालायची, डबा त्यानं करायचा, शाळेत त्यानं सोडायचं. ज्योत्स्ना आल्याबिगर आमी येनार न्हाय.”